शिळं पाणी ओतू नका, आणि बाकीचं पाणी कुठं जातंय तेही बघा

आमच्या गल्लीत पाणी यायचा दिवस म्हणजे पहाटे पाचलाच धांदल. कुणाच्या तरी न्हाणीतल्या नळाचा फुसफुस आवाज येतो, कुणीतरी "पाणी आलं गं" म्हणून हाक मारतं आणि दहा मिनिटांत सगळ्या घरांत दिवे लागतात. आणि मग पहिलं काम काय होतं सांगू, भरायच्या आधी ओतायचं. घागर ओत, हंडा ओत, बॅरलात तळाला राहिलेलं बादलीनं काढून मोरीत ओत, कारण ते शिळं पाणी. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या दरवेळी सांगायच्या, "अगं शिळं पाणी कशाला ठेवतीस, ताजं आलंय की, ओत ते." मी पण लग्न होऊन बेळगावच्या वडगावात आल्यापासून कितीतरी वर्षं तसंच ओतत होते.

मागच्या उन्हाळ्यात एकदा ओतायच्या आधी मी ते मोजलं. पंधरा लिटरची बादली घेतली आणि एकेक करून मोजत गेले, दोन घागरी, एक हंडा आणि बॅरलातलं उरलेलं मिळून बरोबर दहा बादल्या झाल्या. म्हणजे दीडशे लिटर. पाणी चौथ्या दिवशी येतं म्हटलं तर महिन्याला सात वेळा हे होतं, म्हणजे हजार लिटरच्या वर, एक छपरावरची टाकी भरून पाणी आपण महिन्याला सरळ गटारीत सोडत होतो, तेही ज्या पाण्यासाठी पहाटे पाचला उठलो तेच. त्या दिवसापासून मी घरात पाणी कुठं कुठं जातंय ते मोजायला लागले, आणि जे कळलं ते सगळं सोप्या भाषेत सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. पाणी वाचवा म्हटलं की लोकांना वाटतं आता आंघोळ कमी करा, कपडे कमी धुवा, पाहुण्यांना अर्धा तांब्या पाणी द्या. तसं काही नाही. घरातलं जे पाणी कुणाच्याच कामाला न येता जातं ते आधी शोधायचं. ते एवढं असतं की तेच थांबवलं तर वापर कमी करायची वेळच सहसा येत नाही.

हिशोबाला एक आकडा लागतो. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं आपल्याकडं धरतात, इंजिनिअरिंगच्या पुस्तकात त्याची फोड पण दिलेली असते: आंघोळीला ५५, संडासच्या फ्लशला ३०, कपड्याला २०, भांड्याला १०, घर धुवायपुसायला १०, स्वयंपाकाला ५ आणि प्यायला ५. खेड्यात जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरलंय. ती फोड नीट बघा, पिणं आणि स्वयंपाक दोन्ही मिळून फक्त १० लिटर. आपण जपतो ते तेवढंच, पिण्याच्या घागरीवर झाकण, त्याला हात लावू नको, आणि न्हाणीत संडासात जाणारं ८५ लिटर कुणी बघतच नाही. आणि मी ओतत होते ते दीडशे लिटर म्हणजे एका माणसाचा अख्ख्या दिवसाचा कोटा.

आता हे पाणी येतं कुठनं तेही बघू, कारण ते कळलं की नळाकडं बघायची नजर बदलते. बेळगावला रक्कसकोपचं पाणी येतं, मार्कंडेय नदीवरचं धरण, चंदगड तालुक्यातल्या तुडयेच्या शेजारी, अगदी हद्दीवर. उन्हाळ्यात रोजच्या पेपरात पातळी छापून येते आणि पावसाळ्यात समुद्रसपाटीपासून २४७५ फूट झालं की धरण भरलं म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. पण शहर वाढलं तसं तेवढ्यानं भागेना म्हणून घटप्रभेवरच्या हिडकल धरणातनं पाणी आणायला लागलं, आणि हिडकल भरल्यावरची पातळी आहे २१७५ फूट. म्हणजे रक्कसकोपपेक्षा तीनशे फूट खाली. तिथलं पाणी पंपानं ढकलत, चढवत चढवत बेळगावपर्यंत आणावं लागतं, प्रत्येक घागरीमागं करंट जळतो. पहाटे न्हाणीत आलेलं पाणी एवढा डोंगर चढून आलंय आणि आपण त्यातलं शिळं म्हणून ओततो. निपाणी, चिकोडी, खानापूर, सगळीकडं नदी नाहीतर तलाव वेगळा असेल पण गोष्ट हीच, पश्चिमेला कणकुंबीकडं धो धो पाऊस आणि पूर्वेला अथणीकडं जाल तसा कमी कमी, आणि सगळ्यांनी मे महिन्यापर्यंत त्याच पाण्यावर भागवायचं.

मग शिळं पाणी खरंच वाईट असतं काय? पाणी भातासारखं आंबत नाही, चार दिवसात त्याला काही होत नाही. त्याचं बिघडतं ते तीन कारणांनी. एक, नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकलेलं असतं, नळाला येईपर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहावं असा नियम आहे, आणि हे क्लोरीन उघड्या भांड्यातनं हळूहळू उडून जातं. दोन, आपण तांब्या बुडवतो आणि तांब्याबरोबर बोटं बुडतात, घाण जाते ती तिथनं. आणि तीन, डास. पहिल्या दोन्हीवर इलाज साधा आहे, झाकण घट्ट ठेवायचं आणि घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं नाहीतर घागरीलाच खाली तोटी. आमच्याकडं पिण्याच्या पिंपाला तोटी बसवली त्या दिवसापासून कुणाचाच हात आत जात नाही.

डासाचं जरा सविस्तर सांगते कारण इथंच खरी चूक होते. डेंग्यूचा डास घाण गटारीत अंडी घालत नाही, त्याला आपलंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्याचा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा भांडं रिकामं करा म्हणतात. पण मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनेच्या महिने तग धरतात. म्हणजे तुम्ही नुसतं पाणी ओतलं आणि लगेच नवीन भरलं तर पाणी गेलं, अंडी तिथंच राहिली, आणि नवीन पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की ती फुटली. ओतून काहीच झालं नाही. भांडं आतनं काथ्यानं नाहीतर ब्रशनं घासायला पाहिजे, तेही आठवड्यातनं एकदा, दर चौथ्या दिवशी नाही. म्हणून आम्ही आता काय करतो, आठवड्यातनं एकदा, पाणी यायच्या आदल्या रात्री बॅरलातलं उरलेलं मोठ्या टबात काढतो, बॅरल घासतो, आणि टबातलं पाणी दुसऱ्या दिवशी कपडे भिजवायला, फरशी पुसायला, फ्लशला वापरतो. आत्यांना हे पटायला वेळ लागला पण पाणी ओतायचं नाही, वापरायचं आहे म्हटल्यावर पटलं, आणि आता घासायला त्याच पुढं असतात.

ही गंमत नाही, खरी गोष्ट आहे. बेळगावच्या काही वॉर्डात २००८ च्या आसपास चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा बाकीचे म्हणायचे की आता ही माणसं पाणी सोडूनच ठेवणार. पण चोवीस तास पाणी असलं की साठवायचं कारणच राहत नाही, आणि साठवलं नाही की शिळं म्हणून ओतायचा प्रश्न नाही, शिवाय मीटरवर बिल येतं. उद्या पाणी येईल का नाही या धास्तीनं आपण जास्त साठवतो आणि त्यातलंच जास्त फेकतो.

मीटर असणाऱ्यांना एक सोपी तपासणी सांगते. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरच्या काचेत बघा, आत एक छोटी चांदणीसारखी चकती असते, ती थोड्याशा पाण्यानं पण फिरते. सगळं बंद असून ती फिरत असेल तर कुठंतरी गळती आहे. मीटर नसेल तर खडू घ्या. संपाच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीच्या, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खूण करा, मोटर लावू नका, वर कुणी नळ सोडला तरी चालतो कारण ते पाणी वरच्या टाकीतनं येतं, आणि सकाळी बघा. रेषा खाली गेली तर संपाला चीर आहे, आणि ही गळती सगळ्यात वाईट कारण ती दिसतच नाही, मातीत मुरून जाते. जुन्या घरांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या संपात हे सर्रास असतं. आतनं वॉटरप्रूफिंगचा गिलावा करून घ्यायला खर्च येतो, पण चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात तो खर्च पहिला करावा असं माझं मत आहे.

वरची टाकी भरून वाहणं तर सगळ्यांना दिसतं. मोटर लावली आणि टीव्हीसमोर बसलो नाहीतर फोन आला, आणि शेजारची आक्का ओरडेपर्यंत पत्र्यावर पाणी. एक एचपीची मोटर तासाला पाऊण युनिट तरी घेते, म्हणजे पाणीही गेलं आणि करंटही. दोन उपाय आहेत. संपात आणि वरच्या टाकीत, जिथं नळाचं पाणी आपोआप येतं तिथं फुग्याचा बॉल कॉक, तो पाण्याबरोबर वर येतो आणि दांडीनं पाणी बंद करतो, त्याचा फुगा फुटला किंवा दांडी वाकली की काम करत नाही म्हणून वर्षातनं एकदा हातानं वर उचलून बघा, पाणी थांबतंय का. आणि मोटरवर चढणाऱ्या टाकीला अलार्म, टाकी भरली की घरात ओरडतो, फार महाग नाही. आपोआप मोटर बंद करणारा पण मिळतो, पण साधा अलार्म आधी लावा, त्यात बिघडण्यासारखं फार नसतं.

आता थेंबाचं. आमच्या मागच्या दारच्या नळाला वर्षभर थेंब होता, सगळे म्हणायचे राहू दे की, थेंबच आहे. मी एक दिवस त्याखाली लिटरचा तांब्या ठेवला आणि घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटांत तांब्या भरून वाहायला लागला. चाळीस मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला ३६ लिटर, महिन्याला हजाराच्या वर, परत एक टाकी. प्लंबर आला, नळ खोलून दोन मिनिटांत दाखवला, "वैनी, वायसर गेलंय बघा, दुसरं काय न्हाई." नळाच्या आत एक रबराची चकती असते, चावी फिरवली की ती दाबून बसते आणि पाणी अडवते, रबर वर्षानुवर्षं दाबून दाबून कडक होतं, चिरतं, मग कितीही जोरात आवळा, थेंब येणारच. उलट जोरात आवळल्यानं ते अजून लवकर जातं. ते वायसर दहा-वीस रुपयाला मिळतं. नवीन पाव फेऱ्याच्या नळात रबर नसतं, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, त्या जास्त टिकतात पण पाण्यातनं रेती आली की त्यांना चरे पडतात, आणि मग अख्खा आतला भागच बदलावा लागतो. बोअरचं पाणी असेल तर हे लक्षात ठेवा. तुमच्या घरातल्या थेंबाखाली एकदा तांब्या ठेवून बघाच, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तुमचा तुम्ही काढा.

संडासच्या फ्लशची गळती मात्र तांब्यानं कळत नाही, कारण ती आवाज न करता भांड्याच्या आतल्या बाजूनं ओघळते. त्याला कपड्याची नीळ वापरायची. फ्लशच्या टाकीचं झाकण काढून त्यात चार थेंब नीळ टाका आणि अर्धा तास कुणीही फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर टाकीच्या तळाचं रबर बसत नाही, बदलून घ्या. मी आमच्या माहेरी खानापूरला हे केलं तर दहा मिनिटांतच भांडं निळं झालं, भावाला वाटत होतं टाकीला पाणीच कमी चढतंय.

फ्लशवर जरा थांबते, कारण पाणी वाचवायचं तर घरातली सगळ्यात मोठी जागा हीच. जुन्या फ्लशच्या टाक्या एका दाबाला दहा-बारा लिटर सोडतात. नवीन दोन बटणाच्या टाकीत छोटं बटण तीन लिटरचं आणि मोठं सहा लिटरचं असतं. पाच माणसांचं घर धरा, माणशी दिवसाला पाच वेळा, त्यात एकदाच मोठं काम. जुन्या दहा लिटरच्या टाकीत होतात २५० लिटर. दोन बटणाच्या टाकीत माणशी एक मोठं सहाचं आणि चार छोटी तीन-तीनची मिळून १८, पाच माणसांचे ९०. दिवसाला १६० लिटर वाचलं, आणि कुणाला काहीही कमी करावं लागलं नाही. फक्त कुठलं बटण कशाला हे घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना एकदा दाखवून द्या, नाहीतर दोन्ही एकदम दाबतात.

टाकी बदलायची नसेल तर लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्यानं भरून, बूच घट्ट लावून टाकीत उभी ठेवा, तेवढी जागा बाटलीनं व्यापली म्हणजे दर फ्लशला एक लिटर कमी जातं. वीट ठेवू नका, ती पाण्यात झिजते आणि तिची रेती रबराखाली जाऊन नवीनच गळती होते. आणि लोभानं दोन-तीन बाटल्या पण नको, जुनं भांडं जास्त पाण्यासाठीच बनवलेलं असतं, कमी पाण्यात साफ झालं नाही की दुसऱ्यांदा फ्लश करावं लागतं. आणि ज्यांच्याकडं देशी संडास आहे आणि बादलीनं पाणी टाकायची सवय आहे त्यांनी काहीच बदलू नका, तुम्ही आधीच सगळ्यात कमी पाण्यात काम करताय.

आंघोळीला बादली आणि तांब्या याच्या पुढं काही नाही, वीस लिटरमध्ये भागतं. साधा शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडतो, कॉलेजला जाणारी पोरं आठ मिनिटं उभी राहिली की ८० लिटर गेलं. पण बादलीवाल्यांच्या घरात पण एक चोर आहे, तो म्हणजे सोलर. छपरावर सोलर, खाली न्हाणी, सकाळी गरम पाण्याचा नळ सोडला की आधी पाइपातलं रात्रभर गार झालेलं पाणी येतं आणि ते आपण हात घालून बघत बघत सोडून देतो. पाऊण इंची पाइपात एका मीटरला साधारण तिसरा हिस्सा लिटर पाणी मावतं, वीस मीटर पाइप असेल तर सहा लिटर. शिवाय गार पाइप तापेपर्यंत अजून थोडं. मधे अर्धा पाऊण तास गेला की पुढच्याला परत तेच, म्हणून आमच्याकडं आता आंघोळी एकापाठोपाठ होतात आणि पहिलं गार पाणी वेगळ्या बादलीत धरतो, ते स्वच्छच असतं, कपड्याला घेतो. पूर्वी बंब पेटवायचे तेव्हा बंबाच्या तोटीलाच गरम पाणी यायचं, हा प्रश्नच नव्हता.

नळाला लावायच्या जाळीबद्दल खूप जण विचारतात. एरेटर म्हणतात त्याला, नळाच्या तोंडाला फिरवून बसतो. त्यात बारीक भोकं असतात, पाणी त्यातनं जोरात निघताना बाजूची हवा ओढून घेतं आणि पाण्याची धार हवेनं फुगते, म्हणून कमी पाण्यात हात भरून धुतल्यासारखं वाटतं. मिनिटाला बारा लिटर सोडणारा नळ पाच-सहा लिटरवर येतो. पण तो कुठं लावायचा हे कळलं पाहिजे. जिथं आपण वाहत्या धारेखाली धुतो, वॉश बेसिन आणि भांड्याचं सिंक, तिथं उपयोग. जिथं बादली नाहीतर घागर भरायची तिथं लावून एक थेंब वाचत नाही, बादलीला लागणारं पाणी तेवढंच, फक्त भरायला दुप्पट वेळ. आणि घ्यायच्या आधी मोबाइलवर वेळ लावून नळाखाली बादली भरून बघा. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटांत भरली तर दहा लिटरचा नळ, लावा. अडीच मिनिटं लागली तर आधीच सहा लिटरवर आहात, पैसे घालू नका. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर आठ-दहा फुटावर असेल तर दाबच नसतो, तिथं एरेटर लावला की नुसती करंगळीएवढी धार येते आणि घरातले चिडतात. बोअरच्या क्षारानं जाळी पांढरी पडते, ती काढून लिंबाच्या रसात रात्रभर ठेवली की मोकळी होते.

स्वयंपाकघरातलं फार लांबवत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी नळाखाली न धुता पातेल्यात, आणि भांडी आधी राखेनं नाहीतर साबणानं सगळी घासून ठेवायची मग एकदम विसळायची, हे आपल्या आया करतच आल्यात.

पण आरओबद्दल बोलायलाच पाहिजे. आरओ म्हणजे पाणी एका अतिशय बारीक पडद्यातनं दाबानं ढकलतात, क्षार पडद्याच्या अलीकडं राहतात आणि ते साचू नयेत म्हणून जास्तीच्या पाण्याबरोबर वाहून काढावे लागतात. घरगुती मशीन एक लिटर प्यायचं पाणी देताना दोन-तीन लिटर असं बाहेर टाकतं. बोअरच्या खारट पाण्याला त्याची गरज असते, पण नळाच्या पाण्याला? पाण्यात विरघळलेल्या क्षाराला टीडीएस म्हणतात, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत प्यायला चांगलं धरतात, आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली सांगितलं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथं आरओवर बंदी आणा. आमच्या नळाच्या पाण्याचं मी छोट्या मीटरनं बघितलं तर शंभरच्या आसपास होतं, सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं पाणी ते, आणि शेजारच्या बोअरचं सातशेच्या वर. म्हणजे आमच्या घरात तो पडदा उगाच होता. टीडीएस कमी म्हणजे जंतू नाहीत असं नाही हं, गाळून उकळा नाहीतर यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन घ्या, त्यात पाणी वाया जात नाही. आणि आरओ लागतोच म्हणणाऱ्यांनी त्याची नळी बादलीत सोडा, ते पाणी फरशीला, फ्लशला चालतं, कुंडीतल्या झाडांना रोज नको कारण मातीत क्षार साचतो.

वॉशिंग मशीनचं थोडक्यात, वरनं कपडे टाकायचं मशीन एका फेरीला शंभर लिटरच्या वर घेतं, पुढनं दार असलेलं त्याच्या निम्म्यात करतं, पण चालू मशीन टाकून नवीन घ्या असं मी म्हणणार नाही, फक्त पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. सेमी ऑटोमॅटिक असेल तर शेवटच्या खळबळीचं पाणी सोडू नका, पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला तेच घ्या.

न्हाणीचं पाणी परसात सोडायची आपली जुनी पद्धत होती, न्हाणीमागं केळी आणि अळू असायचेच, त्यांना साबणाचं पाणी मानवतं. ज्यांच्याकडं अजून परसू आहे त्यांनी ती नळी गटारीला जोडून टाकू नका. फक्त कपड्याच्या सोड्याचं पाणी रोज एकाच जागी नको, माती दगडासारखी होते, आणि असं पाणी टाकीत साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

आणि आता पावसाचं, जे मला सगळ्यात जवळचं. हिशोब इतका सोपा आहे की शाळेत शिकवायला पाहिजे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी. आमचं छप्पर सहाशे चौरस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. बेळगावात पावसाळ्याभरात हजार मिलीमीटर जरी धरला तरी ५६,००० लिटर, त्यातलं वाहून, उडून, वाळून जाईल ते सोडून ८० टक्के म्हणा, ४५,००० लिटर हातात. पाच हजाराचा टँकर धरला तर नऊ टँकर. हे पाणी पूर्वी पन्हळीतनं गटारीत, गटारीतनं बळ्ळारी नाल्यात जात होतं, आणि त्याच नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात येळ्ळूर-वडगावच्या भातशेतीत घुसतं.

वडगाव, शहापूर, खासबागच्या जुन्या घरांत आड आहेत, कितीतरी जणांनी नळ आल्यावर ते झाकून टाकले, काहींनी तर कचरा टाकून बुजवले, ते बघितलं की जीव तुटतो. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, आलेल्या हजारो माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खणली ती काँग्रेस विहीर आजही आहे, आणि १९९० च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा शहरातल्या अशा जुन्या विहिरींचाच गाळ काढून त्या वापरात आणल्या होत्या.

आमच्या आडावर आम्ही दोन वर्षांपूर्वी छपराचं पाणी वळवलं. छपराच्या पन्हळीला पाइप, पाइपाला खाली एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि चावी, पहिले दोन-तीन पाऊस ती चावी उघडी ठेवून छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण सगळी बाहेर जाऊ द्यायची, मग बंद करायची. त्यापुढं एक जुनं बॅरल, तळाला मोठी खडी, वर बारीक खडी, कोळसा आणि सगळ्यात वर रेती, त्यातनं गाळून पाणी आडात. आडाच्या जवळ संडासची टाकी नसावी, हे आधी बघा. बोअरला मात्र असं थेट पाणी कधी सोडू नका, खाली घाण गेली तर काढता येत नाही, त्याला भोवती शोषखड्डाच करून घ्यावा लागतो आणि ते माहीतगाराकडनं.

मे महिन्यात आमच्या आडात दोर सोडला की कळशी तळाला टेकायची. गेल्या मे महिन्यात पाच पायऱ्या पाण्याखाली होत्या, आत्यांनी स्वतः वाकून मोजल्या. ते पाणी आम्ही पीत नाही, कपडे, फ्लश, झाडं सगळं त्यावर चालतं, आणि नळाचं फक्त प्यायला, स्वयंपाकाला आणि आंघोळीला. मृगाच्या आधी छप्पर झाडून घ्यायचं आणि बॅरलातली वरची रेती काढून धुवायची एवढंच काम असतं, आणि पन्हळीच्या तोंडाची जाळी पावसाळ्यात दर रविवारी काढून झटकायची, समोरच्या आंब्याची पानं अडकतात.